उतरता लिलाव

भर मे महिन्यात जळगावात गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब बघा, तोच माझा घरमालक निघाला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कुत्री नळाच्या ओल्या ओट्यावरून हलत नाहीत, आणि आमचे आबा तपकिरी मफलर लावून, तो सुटू नये म्हणून वरून सेफ्टी पिन मारून ओसरीत बसलेले. खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला ताप असेल.

"आबा, बरं नाही का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सराफाच्या पेढीवर जाऊन पितळ मागितलं. "आवाज झाकीसन ठेवना पडस," म्हणाले. मग मला नाव विचारलं. मी सांगितलं. "गळामातून नको बोलू. पोटमातून बोल." मी पुन्हा सांगितलं. "आखो जोरमा!" तिसऱ्या वेळी मी इतकी ओरडले की शेजारची बाई हातातलं धुणं टाकून बाहेर आली. आबा खूश झाले. "खोली तुनी," म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. भाडं वगैरे सगळं नंतर त्यांच्या बायकोनं, अक्कांनी ठरवलं.

मी धुळ्याची. ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून जळगावात आले होते. आमच्या घरी अहिराणीच बोलतात, त्यामुळे आबा आणि अक्का माझ्याशी अगदी मोकळं बोलायचे. म्हणजे अक्का बोलायच्या. आबांचं सकाळी साडेदहापर्यंत कडक मौन असायचं.

त्याचं कारण त्यांचा धंदा. आबा बाजार समितीत धान्याचे लिलाव पुकारायचे. तुरीचा, मुगाचा, उडदाचा ढीग पडलेला, भोवती व्यापारी, डाळ मिलवाल्यांची माणसं, आणि मधे आबा. "एक वार, दोन वार" सुरू झालं की हमालसुद्धा पाठीवरचं पोतं टेकवून उभे राहायचे, असं लोक सांगतात. मी दोनदा मुद्दाम ऐकायला गेले. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. आकडेच होते ते, पण आकड्यांना चाल होती. माल कोणाचा, जातो कुणाकडे, माझं काय जात होतं? तरी "तीन वार" झाल्यावर मी श्वास सोडला.

तर लिलावाच्या आधी आवाज खर्च करायचा नाही, हा त्यांचा नेम. "जवलोंग टाकीमा शे, तवलोंग नळले येस," हे त्यांचं आवाजाबद्दलचं तत्त्वज्ञान. सकाळचा सगळा कारभार टाळ्यांवर चालायचा. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे कोमट पाणी, तीन म्हणजे 'माझा चष्मा कुठंय'. एकदा टीव्हीवर कुणाचं तरी भाषण चाललं होतं आणि लोक टाळ्या वाजवत सुटले. अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कितला चहा पिशात हो? पोट शे का पिंप?" आबा बिचारे गप्प, नुसते टीव्हीकडे बोट दाखवतायत.

घरातही लिलाव चालायचाच, पण संध्याकाळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि इतर सणांनाही अक्का पुरणाचे मांडे करायच्या. शेवटचा मांडा ताटात उरला की आबा मफलर सारखा करून उभे राहायचे. बोली पैशांची नसे, कामांची असे. मी म्हणायचे, भांडी घासते. अक्का म्हणायच्या, दळण मी आणते. मी भांडी आणि गच्ची झाडणं, दोन्ही लावायचे. "गच्ची एक वार! गच्ची दोन वार!" तिथे राहिले त्या चार वर्षांत मी मांड्यांपायी इतकी गच्ची झाडली की माझ्या आईने ऐकलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

आता मफलर, कोमट पाणी, मौन, हे सगळं या माणसानं आणलं कुठून? तर स्पेनहून! हसू नका, मीही हसले होते.

माझ्याच खोलीत, माझ्या कितीतरी वर्षं आधी, स्पेनचा एक फिटर राहून गेला होता. इथल्या एका पाइपच्या कारखान्यात परदेशी मशीन बसवायला आलेला. चार महिने. त्याचं इंग्रजी मोडकं, आबांचं त्याहून मोडकं, पण दोघांचे हात धडधाकट. एका सुट्टीच्या दिवशी तो सहज आबांबरोबर बाजारात गेला, आबांचा पुकारा ऐकला आणि पोत्यावर बसून डोळे पुसायला लागला. घरी आल्यावर त्यानं बॅगेतून एक कॅसेट काढून लावली. एका बाईचं गाणं. त्यांच्या देशातली फार मोठी गायिका. तिचं नाव मी सांगत नाही, कारण आबांनी ते कधी घेतलं नाही. ते नुसतं 'बाई' म्हणायचे. अक्का म्हणायच्या 'मनी सवत'.

फिटरनं हातवारे करकरून बाईचं चरित्र सांगितलं, आणि आबांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं. बाईचा बाप समुद्रकाठच्या गावात मासळीचा लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज बसला तेव्हा चौदा वर्षांची ही पोर त्याच्या जागी फळीवर उभी राहिली. कोळी म्हणायचे, पोरगी भाव नाही सांगत, गाणं म्हणते. तिकडच्या मोठ्या शहरातून मासळी घ्यायला आलेल्या हॉटेलवाल्यानं तिला ऐकलं आणि आपल्या हॉटेलात गायला नेलं. तिथून थेटरं, तिथून रेडिओ, तिथून देशोदेशी. तिकिटासाठी लोक फुटपाथवर झोपायचे. लग्न केलं, ते टिकलं नाही. दुसरं केलं नाही. एवढी मोठी झाली, तरी वर्षातून एक दिवस गावी जायची आणि फळीवर उभी राहून मासळी पुकारायची. गाण्याच्या दिवशी कुणाशी एक शब्द बोलायची नाही, कोमट पाणी प्यायची आणि बारा महिने गळ्याला काहीतरी गुंडाळायची. कॅसेटवरच्या फोटोतही तिच्या गळ्यात रुमाल आहे.

"आपला धंदानी बाई शे ती," आबा छाती काढून सांगायचे. जणू काही बाजार समितीच्या यादीत तिचं नाव होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. फिटरनं सांगितलं की त्यांच्याकडे मासळीचा भाव चढत नाही, उतरतो. पुकारणारा वरून सुरू करतो, शंभर, नव्वद, ऐंशी, आणि जो पहिला ओरडेल त्याचा माल. मासळी नासते, तिला चढाओढीला वेळ कुठे? आबांना हे कित्येक दिवस पटलंच नाही. मग इतकं पटलं की डोक्यातून जाईना. अक्कांना समजावून सांगायचे, "देख, तठे थांबाले जागाच नही. जो थांबना, त्याना माल दुसरानी लिधा."

अक्का म्हणायच्या, "मी ऱ्हाती तं शेवटलोंग थांबती."

आणि थांबल्याच असत्या. भाव करणं हा अक्कांचा नुसता स्वभाव नव्हता, तो त्यांचा मान होता. भरताची वांगी घ्यायला निघाल्या की मी बरोबर जायचं टाळायचे, लाज वाटायची. सांगितल्या भावात अक्कांनी जन्मात काही घेतलं नाही. अर्धा भाव सांगायचा, नाही म्हटलं की निघायचं, दहा पावलं चालायचं, मागे वळायचं नाही. अकराव्या पावलाला भाजीवाला हाक मारायचाच. मी मोजलंय.

तर आबांनी एकदा उतरता लिलाव खरोखर करून बघितला. हे मी यायच्या आधीचं, अक्कांनी सांगितलेलं. पाचोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याचा उडदाचा ढीग. आबांना काय लहर आली, वरचा भाव पुकारून खाली यायला लागले. व्यापारी आधी चकित, मग गप्प. भाव आपोआप उतरतोय म्हटल्यावर बोलतो कोण? सगळे हाताची घडी घालून उभे. आबा उतरतायत, उतरतायत, चाल तर अशी लागली की त्यांना स्वतःला थांबवेना. शेवटी ढिगाचा मालकच मधे उडी मारून ओरडला, "थांबा हो आबा! मना उडीद मीच लिधा!" आणि नियमाने माल त्यालाच मिळाला. त्यानं स्वतःचे उडीद स्वतः विकत घेतले, गाडीत भरले आणि शिव्या देत घरी नेले. समितीनं आबांना आठ दिवस घरी बसवलं. आबांचं म्हणणं एकच, "लिलावमा काही खोट नव्हती. व्यापारीच बावळट व्हतात."

बाईच्या चरित्राला मात्र शेवट नव्हता. फिटर इथे होता तेव्हाच, बाई अगदी भरात असताना, तिचा आवाज गेला होता. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती गप्प होती. पुन्हा गाते की नाही याच्याकडे म्हणे त्यांचा सगळा देश कान लावून बसला होता. तेवढ्यात फिटरचं मशीन सुरू झालं आणि तो कॅसेट आबांना देऊन निघून गेला. पत्र नाही, पत्ता नाही. आबांच्या हिशेबी बाई तेव्हापासून गप्पच होती.

मी आल्या आल्याच म्हटलं होतं, "आबा, त्यात काय एवढं? मोबाईलवर एका मिनिटात कळेल."

"हात नको लावू!" आबा एवढे जोरात ओरडले की त्या दिवशीचा त्यांचा अर्धा आवाज माझ्यावरच खर्च झाला असेल. मग हळू म्हणाले, "नही गायनी व्हयी, तं मी कॅसेट कशी लावू?"

मी पुन्हा विषय काढला नाही. रोज संध्याकाळी आबांनी पेन्सिलीनं कॅसेटची पट्टी ओढून घ्यायची, टेपरेकॉर्डरला दोन चापट्या मारायच्या आणि दुसऱ्या नंबरचं गाणं लावायचं. त्यात एके ठिकाणी बाई वरून पायरी पायरीनं खाली यायची. आबा बोट वर करायचे, "देख, भाव उतारी राहिनी."

माझं तिसरं वर्ष असेल. आबांचा आवाज घोगरा झाला. आधी वाटलं, उडदाच्या हंगामाची धूळ. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली, आवाज सुटेना. बोलता बोलता मधेच नुसती हवा यायची. जळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, आवाजाच्या पट्टीवर गाठ आहे, ऑपरेशन करून काढावी लागेल, काढल्यावर तपासायला पाठवू. तपासायला कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कळायचं ते कळलं.

आबा ऑपरेशनला तयारच होईनात. भीती मरणाची नव्हती. "आवाज नही उना तं जगीसन काय करू?" एवढंच म्हणायचे. दोन महिने गेले. अक्कांनी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, एक दिवस जेवल्या नाहीत. आबांचा मफलर आणखी एक वेढा वाढला, बस्स. अक्का मला गच्चीत गाठून म्हणाल्या, "माय, गाठ वाढी राहिनी व्हयी ना वं?" मी गच्ची झाडायला लागले.

एका रविवारी आबांनी मला खाली बोलावलं. टाळ्या वाजवून. तीनपेक्षा जास्त टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या. ओसरीत टेपरेकॉर्डर बंद होता आणि डॉक्टरांचे कागद मांडीवर.

"ऐक वं माय," आबा त्या फाटक्या आवाजात म्हणाले. "तुना मोबाईलमा देख. ती पुढे गायनी का?"

अक्का पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "गायनी व्हयी तं?"

"तं मी ऑपरेशन करस."

"आन नही गायनी व्हयी तं?"

आबांनी मांडीवरचे कागद उलटे करून ठेवले.

खरं सांगते, मी खोटं बोलायचं ठरवूनच मोबाईल उघडला. काहीही निघो, गायली म्हणायचं. पाप लागलं तर लागू दे. कॅसेटवरचं नाव एक एक अक्षर बघून टाकलं. मेलं नेटवर्क, गोल गोल फिरतंय. ते दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत.

मग उघडलं. मी एकदा वाचलं. चुकीचं वाचलं असेल म्हणून पुन्हा वाचलं.

"गायली! आबा, गायली हो!" मी ओरडले. पोटातून ओरडले, त्यांनी शिकवलं होतं तशी. तीन वर्षं गप्प राहून बाई पुन्हा गायली होती, आणि पहिल्यांदा कुठे, तर तिच्याच गावात, बंदरावर, कोळ्यांपुढे. त्यानंतरही पुष्कळ वर्षं गात होती. बरीच म्हातारी झाल्यावरचा तिचा व्हिडिओसुद्धा मिळाला. मी तो लावून फोन आबांच्या हातात दिला.

खुर्चीत बसलेली पांढऱ्या केसांची बाई. आवाज जाड, खरबरीत, खाली खाली. कॅसेटमधल्या आवाजाशी काही म्हणजे काही संबंध नाही. हे दाखवायला नको होतं, असं वाटलं. आबा फोन कानाला लावून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "हाऊ तिना आवाज नही."

अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"पुन्हा लाव." मी लावला. "पुन्हा." तिसऱ्यांदा ती वरून पायरी पायरीनं खाली येते तिथे आबांचं बोट आपोआप वर झालं. "पन तीच शे," ते म्हणाले. "देख, तशीच उतरस." मग फोन लांब धरून बघितला. "तिना गळामा रुमाल नही."

"नाही घातला, आबा."

"उघडा गळानी गाई राहिनी," असं स्वतःशीच म्हणाले आणि डॉक्टरांचे कागद माझ्या हातात दिले.

ऑपरेशन आम्ही धुळ्यात केलं, माझ्या घरच्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे. एसटीत आबा खिडकीशी, पारोळा येईपर्यंत मफलरची पिन चाचपत होते. आत नेताना नर्सनं मफलर काढायला लावला. मी तो दोन तास मांडीवर घेऊन बसले, त्याला ज्येष्ठमधाचा वास येत होता. गाठ निघाली. तपासणीचा कागद यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी कोणाच्या वाट्याला देणार नाही, वैऱ्याच्यासुद्धा. नवव्या दिवशी डॉक्टर कागद बघून म्हणाले, "साधी गाठ आहे. ओरडून ओरडून झालेली. घाबरण्यासारखं काही नाही."

अक्का मटकन दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. किती वेळ नुसत्या हात जोडून बसल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. आबांनी एक टाळी वाजवली. चहा.

डॉक्टर म्हणाले, "अजून पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. आवाज कितपत येईल, ते नंतरच कळेल."

अक्का डोळे पुसत उठल्या. "पंधरा जास्त व्हतंस डॉक्टर. दहा करा."

"आजी, पंधरा."

"बरं, ना तुमना ना मना. बारा."

डॉक्टर हसले, पण उतरले नाहीत. अक्का दहा पावलं चालून गेल्या, डॉक्टरांनी हाक मारली नाही. अक्कांचा हा हुकमी डाव फसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

जळगावला परत आल्यावरचं मौन निराळं होतं. रोजचं मौन उपासासारखं, सोडायची वेळ ठरलेली. हे तसं नव्हतं. आबा टाळ्याही वाजवेनात. अक्काच मधूनमधून आतून विचारायच्या, "चहा ठेवू का?" आणि उत्तर आलं नाही तरी ठेवायच्या. पुकारा तर कायमचा बंद झालाच होता, डॉक्टरांनी बजावलं होतं आणि समितीत दुसरा माणूस माईक घेऊन उभाही राहिला होता. त्याचं आबांना एवढं वाटलं नाही. पण घरात तरी आवाज यावा ना! अक्का रोज देवापुढे काय मागायच्या ते मला जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

सोळाव्या दिवशी सकाळी मी कंपनीत उशिरा येते म्हणून कळवलं आणि खाली येऊन बसले. चुलीवर वांगी भाजत होती. आबांनी आधी सेफ्टी पिन काढली. मग मफलर, एक एक वेढा. त्यांचा गळा मी पहिल्यांदाच धड बघितला, किती बारीक होता. ते उभे राहिले. तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. हवा.

अक्का सांडशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थिजल्या होत्या.

तिसऱ्यांदा आवाज आला. जाड, खरबरीत, खाली बसलेला, पण आवाज.

"हजार."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आबांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "जुना माल शे. डागी शे." श्वास घेतला. "हजार." आणि बोट वर करून ते पायरी पायरीनं खाली यायला निघाले. नऊशेवर यायचे होते, तोंड उघडलंही होतं.

"लिधा!" अक्का ओरडल्या. "हजारले मी लिधा!" सांडशी खाली पडली.

आबा बघतच राहिले. जन्मभर सांगितल्या भावात काही न घेतलेली ही बाई. डोळे भरले होते त्यांचे, पण धंदा तो धंदा. त्या नव्या आवाजात म्हणाले, "जराशी थांबती तं आखो उतरता ना वं."

अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आन मना पहिले दुसरा कोनी बोली देता तं?"